टाचणी, गोटी किंवा भोवरा

आमच्या घरातला सुई-दोऱ्याचा डबा हा मुळात चॉकलेटचा डबा आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी माझे मावसदीर लंडनहून आले, त्यांनी आणलेला. 'क्वालिटी स्ट्रीट'. चॉकलेटं दोन दिवसांत संपली, डबा अजून आहे. झाकणावर लष्करी गणवेशातला एक रुबाबदार गडी आणि घेरदार झग्यातली एक बाई. गावातल्या हौशी नाट्यमंडळात वेशभूषेचं काम मी पंचवीस वर्षं केलं. स्पर्धेच्या दिवशी हा डबा विंगेत माझ्या मांडीवर असायचा. कुणाचं बटण तुटलं, कुणाच्या शालूची निरी सुटली, की झाकण उघडायचं. पण झाकणावरचं ते जोडपं कोण, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

गेल्या वर्षी लेकीकडे स्कॉटलंडमधल्या डंडीला गेले होते. दुकानात तोच डबा दिसला, आता प्लास्टिकचा आणि जोडपं गायब. मी हळहळले तशी मुक्ता म्हणाली, "आई, ते एका नाटकाचं नाव आहे. माहीत नाही तुला?"

नव्हतं माहीत. जे. एम. बॅरी या स्कॉटिश लेखकाचं नाटक. फीबी नावाची एक अविवाहित बाई, तिच्या मनातला माणूस नेपोलियनशी लढायला जातो आणि दहा वर्षांनी परततो तेव्हा तिचं तारुण्य ओसरलेलं असतं. मग ती नटूनथटून स्वतःचीच भाची बनून त्याच्यासमोर जाते. १९०२ मध्ये ते लंडनमध्ये आलं आणि धो धो चाललं. पुढे १९३६ साली हॅलिफॅक्सच्या मॅकिंटॉश कंपनीनं मिश्र चॉकलेटांचा डबा काढला, तेव्हा नाव त्या नाटकाचं घेतलं. म्हणजे इतकी वर्षं मी वेशांतराच्या नाटकावर बसून नटांची बटणं शिवत होते!

"बॅरी म्हणजे पीटर पॅनवाला? तो कधीच मोठा न होणारा मुलगा?"

"तोच. त्याचं गाव इथून बसनं तासाभराच्या अंतरावर आहे."

मग काय, शनिवारी डबे भरले आणि निघालो.

गावाचं नाव किरिम्यूर. तिथली माणसं नुसतं 'किरी' म्हणतात. डंडी सोडली की दोन्ही बाजूंना शेतं, स्ट्रॉबेरी-रासबेरीचे प्लास्टिकचे लांबच लांब मांडव, आणि समोर उत्तरेला डोंगरांची निळी रांग. ते ॲंगसचे डोंगर. मध्ये फॉरफर लागतं. तिथली 'ब्रायडी' प्रसिद्ध, म्हणजे आपल्या करंजीची थोरली बहीण, आत गोमांसाचा खिमा. मी थर्मासमधला चहा आणि चपातीचा रोल खाल्ला.

किरी लाल दगडाचं गाव आहे. लाल म्हणजे आपल्या जांभ्यासारखा नाही, त्याहून फिका आणि गुळगुळीत. गल्ल्या अरुंद, वाकड्यातिकड्या, चढाच्या. एकोणिसाव्या शतकात इथे घरोघरी माग होते. लिनन विणायचे, म्हणजे आपल्या जवसाच्याच झाडाच्या सालीतून निघणाऱ्या सुताचं कापड. मी इचलकरंजीची. माग बंद पडला तर ज्या गावात माणसं झोपेतून जागी होतात, त्या गावची. त्यामुळे विणकरांची वस्ती म्हटलं की मला परकं वाटतच नाही. गल्लीत उभी राहिले आणि उगाच कान टवकारले. आवाज अर्थातच नव्हता. वाऱ्यानं कुणाच्या तरी फाटकाची कडी वाजत होती, तेवढीच.

बॅरीनं आपल्या गोष्टींत या गावाला नाव दिलं 'थ्रम्स'. मुक्ता अर्थ शोधायला लागली, पण मी त्याच्या आधी सांगितला. कापड मागावरून कापून उतरवलं की शेवटी सुतांची जी टोकं लोंबत राहतात ती. आपल्याकडे दशा म्हणतात. लुगड्याच्या पदराच्या दशा. टाकून द्यायच्या, फार तर पीळ घालून गाठी मारायच्या. गावाचं नाव 'दशा' ठेवणारा माणूस विणकराच्या पोटचाच असणार.

ब्रेचिन रोडवरचं ९ नंबरचं घर. नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंड ही संस्था ते सांभाळते. मोसमातच उघडं असतं, तेही रोज नाही, तेव्हा वार बघून जा. बाहेरून बघाल तर ओळखणारही नाही असं साधं, दोन मजली, लहान खिडक्यांचं. खाली माग, वर संसार. वरच्या दोन खोल्यांत डेव्हिड बॅरी नावाचा विणकर, त्याची बायको मार्गारेट ओगिल्व्ही आणि पोरं. ९ मे १८६० रोजी जेम्स झाला, दहांमधला नववा. त्याच दिवशी घरात घोड्याच्या केसांच्या बैठकीच्या सहा खुर्च्या आल्या होत्या. आईच्या दृष्टीनं खुर्च्यांचं अप्रूप बाळाइतकंच! पै-पै साठवून घेतलेल्या वस्तूचं महत्त्व ज्या घरात असतं, तिथे हे कुणाला विचित्र वाटणार नाही. आमच्याकडे गोदरेजचं कपाट आलं तो दिवस आणि माझ्या धाकट्या भावाचं बारसं या दोन तारखा आई कायम एका दमात सांगायची.

बॅरीनं आईवर एक पूर्ण पुस्तक लिहिलंय, तिच्याच नावाचं, ती गेल्यावर पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये. मी ते आधीच्या आठवड्यात मुक्ताच्या ग्रंथालयातून आणून वाचलं होतं, शब्दकोश शेजारी ठेवून. त्यात बाळाच्या नामकरणाचा एक पांढरा झगा आहे. आपली कुंची म्हणा. तो झगा तिच्या पोरांनी घातलाच, पण गावातल्या शेकडो पोरांनीही घातला, कारण तसला झगा घरोघरी नसे आणि तो उसना देण्यात मार्गारेटला केवढी धन्यता. माझं लक्ष अशाच गोष्टींकडे जातं, त्याला इलाज नाही.

आणि त्याच पुस्तकात तो कपड्यांचा प्रसंग आहे, ज्याच्यासाठी मी खरं म्हणजे एवढ्या लांब आले होते.

१८६७ चा जानेवारी. थोरला डेव्हिड, आईचा लाडका, शिकायला थोरल्या भावाकडे गेलेला. चौदावा वाढदिवस एका दिवसावर आला असताना बर्फावर स्केटिंग करताना पडून गेला. आईनं अंथरूण धरलं. जेम्स तेव्हा सहा वर्षांचा. बहीण त्याला म्हणाली, जा, आईला सांग की तुला अजून एक मुलगा आहे. तो आत गेला. खोलीत अंधार. आईनं विचारलं, तू आहेस का? तो गप्प. पुन्हा तोच प्रश्न, आता आवाजात काहीतरी वेगळं. त्याला वाटलं, ती गेलेल्या मुलालाच हाक मारतेय. तो म्हणाला, नाही, तो नाही, मीच आहे.

लोक हा प्रसंग सांगतात आणि इथेच थांबतात. याच्या पुढचं मला जास्त मोलाचं वाटतं. हे पोरगं त्या दिवसापासून आईला हसवायला लागलं. पलंगावर डोकं खाली पाय वर करून उभं राहायचं आणि विचारायचं, हसतेयस ना? ती हसली की कागदावर एक रेघ. रोज सकाळी डॉक्टर आले की त्यांना तो कागद दाखवायचा. एकदा डॉक्टर म्हणाले, हा तुझ्या आईला दाखव. त्यानं दाखवला, ती पुन्हा हसली, आणखी एक रेघ.

नाटकवाल्यांना हे समजावून सांगायला नको. प्रयोग संपल्यावर मेकअप रूममध्ये पहिला प्रश्न हाच असतो, आज लाफ्टर किती आले? आमच्या मंडळातले एक लेखक विंगेत वही घेऊन बसायचे आणि प्रत्येक हशाला टिंब काढायचे. बॅरीची ती वही सहाव्या वर्षी सुरू झाली, आणि प्रेक्षागृहात एकच बाई, तीही भिंतीकडे तोंड करून झोपलेली. सगळी विद्वान मंडळी त्याच्याकडे 'मोठा न झालेला मुलगा' म्हणून बघतात. मला तो हसे मोजणारा पोरगा वाटतो. याच्याइतकं जबाबदारीचं, थोराचं काम कुठल्या सहा वर्षांच्या मुलानं केलं असेल?

पण हसवणं पुरेना. मग त्यानं भावाची नक्कल बसवायला घेतली. डेव्हिडची शीळ घालायची एक खास लकब होती, ती त्याच्या मित्रांकडून विचारून घेतली आणि गुपचूप घोटवली. मग एक दिवस भावाचे कपडे अंगात घातले, गडद करडे, बारीक ठिपक्यांचे. खोलीत शिरला, पाय फाकवून उभा राहिला, हात खिशात खुपसले आणि शीळ वाजवली. पुस्तकात तो लिहितो की ते कपडे पुढे कित्येक वर्षांनी त्याला नीट बसायला लागले. हे वाक्य मी दोनदा वाचलं. सहा वर्षांचं पोर तेरा वर्षांच्या पोराच्या कपड्यांत. बाह्या हाताखाली लोंबत असणार, विजार दुमडावी लागली असणार. टाके घालायला, पिना लावायला कुणी नाही. अशा ढगळ कपड्यांत नट रंगमंचावर आला तर प्रेक्षक हसतात. तिथे कुणाला हसू आलं नसेल. आईला तर कसं झालं असेल, ते त्या पोराला तेव्हा कळलंही नव्हतं.

घर दाखवणाऱ्या बाई हे सगळं ठरलेल्या सुरात सांगत होत्या. त्यांचे उच्चार मला निम्मेच कळत होते, मुक्ता कानाशी लागून बाकीचं सांगायची. मध्येच ती त्यांना म्हणाली, माझी आई नाटकाचे कपडे शिवते. त्यावर बाई एकदम थांबल्या, हसल्या आणि आम्हाला मागच्या बाजूला घेऊन गेल्या.

मागे धुणीघर आहे. दगडी, कौलारू, ठेंगणं. चार बायका कपडे घेऊन आत शिरल्या तर पाचवीला दारात उभं राहावं लागेल एवढंच. शेजारपाजारच्या बायका तिथे पाळीपाळीनं धुणं उकळायच्या. सात वर्षांच्या जेम्सनं इथे पहिलं नाटक केलं. प्रवेशमूल्य टाचणी, गोटी किंवा भोवरा! नाटकाचा शेवट म्हणजे सगळ्या नटांनी एकमेकांना उचलून कपडे उकळायच्या हंड्यात टाकायचं. काही प्रेक्षकांनाही टाकलं म्हणे. त्यानंच पुढे लिहून ठेवलंय की 'पीटर पॅन'मधल्या नेव्हरलँड बेटावर हरवलेली मुलं, त्यांची आई होणाऱ्या वेंडी या मुलीसाठी जे छोटंसं घर बांधतात ते मूळ हेच धुणीघर.

मी आत जाऊन उभी राहिले. हात वर केला तर छपराला लागेल असं वाटलं. नेपथ्य नाही, पडदा नाही, विंगा नाहीत. ओल्या दगडाचा वास. एक टाचणी पर्समध्ये होतीच, माझ्या पर्समध्ये कायम असते. काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा मोह झाला. मग म्हटलं, ट्रस्टवाल्या बाईंना झाडायचं काम कशाला.

त्या घरातला माग फार काळ टिकला नाही. वाफेवरचे माग आले, हातमाग मागे पडले, आणि बापानं लिननच्या गिरणीत कारकुनी धरली. जेम्स ग्लासगोला शिकला, फॉरफरला शिकला, डंफ्रीजला शिकला. डंफ्रीजला एका बागेत मित्रांबरोबर चाचे-चाचे खेळायचा, ती बाग त्याच्या डोक्यात कायमची राहिली. एडिनबरा विद्यापीठातून १८८२ मध्ये एम. ए. झाला. घरच्यांना वाटायचं धर्मोपदेशक व्हावा, त्याला लेखक व्हायचं होतं. बहिणीनं वर्तमानपत्रातली जाहिरात दाखवली आणि नॉटिंगहॅमला अग्रलेख लिहायची नोकरी मिळाली. ती दीड-दोन वर्षांत सुटली. मग १८८५ मध्ये लंडन. सेंट पँक्रास स्टेशनवर उतरला तर वर्तमानपत्राच्या फलकावर त्याच्याच लेखाचं नाव! घरटी बांधणाऱ्या कावळ्यांवरचा लेख. ट्रंकेवर बसून तो त्या फलकाकडे बघत राहिला, असं त्यानंच सांगितलंय.

संपादकाला त्याचे इतर लेख फारसे भावायचे नाहीत, पण आईकडून ऐकलेल्या गावच्या जुन्या गोष्टी लिहिल्या तेव्हा मात्र आणखी पाठवा म्हणाला. आईला नवल. असल्या गोष्टींचे कुणी पैसे देतं? त्यातूनच १८८८ आणि १८८९ ची थ्रम्सची पुस्तकं झाली, १८९१ ची 'द लिटल मिनिस्टर' ही कादंबरी झाली. म्हणजे आईच्या तोंडच्या दशांवर पोरानं लंडनमध्ये घर बांधलं. गावातल्या काहींना राग होता. आमच्या गरिबीची, आमच्या देवभोळेपणाची थट्टा करून पैसे कमावतो म्हणून. तो राग मला समजतो. आपल्याकडे ग्रामीण कथाकथनाला शहरातले लोक पोट धरून हसतात, तेव्हा माझ्याही मनात हे येऊन जातं.

कादंबऱ्या मी फार वाचलेल्या नाहीत. स्कॉटिश बोलीत इतक्या बुडालेल्या आहेत की शब्दकोशही हात टेकतो. त्या आज तिकडेही फार कुणी वाचत नाही. नाटकं मात्र अजून होतात. 'द ॲडमिरेबल क्रायटन' वाचा. उमरावाचं कुटुंब निर्मनुष्य बेटावर अडकतं आणि जगायचं कसं हे फक्त त्यांच्या बटलरला माहीत असतं, तेव्हा तोच मालक होतो. पुढे सुटकेचं जहाज येतं आणि बटलर पुन्हा हात जोडून उभा. १९०२ सालचं आहे, पण कुठल्याही बंगल्याच्या स्वयंपाकघरात करून बघावं असं.

किरीला यायच्या आधी आम्ही लंडनला चार दिवस होतो. तिथे सेंट मार्टिन्स लेनमध्ये ड्यूक ऑफ यॉर्क थिएटर आहे. तिकिटं परवडणारी नव्हती, म्हणून मी बाहेरूनच दर्शन घेतलं. २७ डिसेंबर १९०४ ला इथे 'पीटर पॅन' पहिल्यांदा लागलं. खरं तर २२ लाच लागायचं होतं, पण यंत्रसामग्री वेळेत जमेना. हे वाचून मला किती बरं वाटलं! बीरबोम ट्री हा त्या काळचा बडा नट-निर्माता. बॅरीनं त्याला नाटक वाचून दाखवलं, तर त्यानं चार्ल्स फ्रोमनला सावध केलं की बॅरीला वेड लागलंय. फ्रोमन अमेरिकन निर्माता. तोही वेडाच निघाला, त्यानं पैसे लावले. तारांवर उडणारी माणसं, चाच्यांचं जहाज, मगर, आणि कुत्र्याच्या कातड्यात शिरलेला नट मुलांना आंघोळ घालतोय.

पहिला पीटर होती निना बूसिको, बाई. तेव्हापासून इंग्लंडात पीटर बाईनंच करायचा अशी प्रथा कित्येक वर्षं चालली. आपल्याकडे साधारण त्याच सुमारास बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत शकुंतला होत होते. इकडे पुरुषानं शालू नेसायचा, तिकडे बाईनं विजार घालून उडायचं. दोन्हीकडच्या कपडेपटातल्या माणसांशी गप्पा मारायला मला फार आवडलं असतं.

नाटकात टिंकरबेल परी मरायला टेकते, तेव्हा पीटर प्रेक्षकांना म्हणतो, पऱ्यांवर विश्वास असेल तर टाळ्या वाजवा. पहिल्या रात्री थिएटरात बहुतेक सगळी मोठी माणसं. बॅरीला धाकधूक. त्यानं वाद्यवृंदाला सांगून ठेवलं होतं, कुणीच टाळी वाजवली नाही तर तुम्ही वाद्यं खाली ठेवून वाजवा. पण टाळ्यांचा असा कडकडाट झाला की निना रडायला लागली. सहाव्या वर्षी हसे मोजणारा माणूस चव्वेचाळिसाव्या वर्षीही नशिबावर काही सोडत नव्हता.

तिथून केन्सिंग्टन गार्डन्स. बॅरी बागेजवळच राहायचा. सेंट बर्नार्ड जातीचा भलामोठा कुत्रा घेऊन रोज फिरायला यायचा. १८९७ मध्ये लेवेलिन डेव्हिस कुटुंबातली जॉर्ज आणि जॅक ही दोन पोरं त्याला इथे दाईबरोबर भेटली. पुढे पीटर, मायकेल, निको. पाच भाऊ. पीटर पॅन हा या पाचांना सांगितलेल्या गोष्टींमधून झाला. बागेतला पीटरचा पुतळा बॅरीनं १९१२ मध्ये एका रात्रीत गुपचूप बसवून घेतला, १ मेच्या सकाळी मुलांना तो आपोआप उगवल्यासारखा दिसावा म्हणून. स्वतः मात्र नाराज. पीटरमधला सैतान यात दिसत नाही, म्हणायचा. मला पुतळा आवडला, खालचे ससे आणि खारी पोरांनी हात लावून लावून चकचकीत झाल्यात. पण त्याचं म्हणणं बरोबर आहे. तो मुलगा फारच शहाणा दिसतो.

त्या पाच भावांचं पुढे जे झालं ते मी थोडक्यात सांगते, लांबवत बसवत नाही. १९०७ ला बाप गेला, १९१० ला आई सिल्व्हिया. तिनं हातानं लिहिलेल्या इच्छापत्रात दाई मेरीच्या सोबतीला 'जेनी' म्हणजे मेरीचीच बहीण यावी असं होतं, बॅरीनं त्याची नक्कल केली तेव्हा तिथे 'जिमी' आलं. जिमी म्हणजे तो स्वतः. चुकून की मुद्दाम, कोण सांगणार. पोरं त्यानंच वाढवली, पैशाला काही कमी केलं नाही. जॉर्ज १९१५ ला फ्लँडर्सच्या खंदकात गोळी लागून गेला. मायकेल १९२१ ला ऑक्सफर्डजवळ मित्राबरोबर बुडाला. पीटरला जन्मभर लोक 'तूच का तो?' विचारत राहिले. त्याला त्या नाटकाचा तिटकारा आला होता. त्यानं १९६० मध्ये जीव दिला. लोक आज बॅरी आणि ती मुलं म्हटलं की भुवया उंचावतात. धाकटा निको म्हातारपणीही ठामपणे सांगत राहिला की तसलं काही नव्हतं. मी निकोवर विश्वास ठेवते.

बॅरीला स्वतःचं मूल नव्हतं. मेरी ॲन्सेल या नटीशी लग्न झालं १८९४ मध्ये, किरीलाच, आईवडिलांच्या घरात. १९०९ मध्ये मोडलं. १९२९ ला त्यानं पीटर पॅनचे सगळे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या लहान मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले. त्यातून किती पैसे येतात ते सांगायचं नाही, ही त्याची इच्छा रुग्णालय आजही पाळतं. हक्कांची मुदत १९८७ ला संपली, तर १९८८ च्या कायद्यात खास कलम घालून ब्रिटनमधलं मानधन त्या रुग्णालयाला कायमचं दिलं गेलं. न वाढणारा मुलगा आणि न संपणारं मानधन! मला हे फार आवडलं.

किरीच्या चौकात पीटरचा आणखी एक पुतळा आहे. आणि गंमत म्हणजे गावात काळे टीशर्ट घातलेले, लांब केसांचे चार दाढीवाले जर्मन दिसले, त्यांना बॅरीशी काही देणंघेणं नव्हतं. एसी-डीसी या रॉक बँडचा गायक बॉन स्कॉट लहानपणी याच गावात राहिला होता, त्याच्या पुतळ्याशी फोटो काढायला आले होते. त्यांच्यातल्या एकानं आमचा फोटो काढून दिला, आम्ही त्यांचा. १८३३ पासूनच्या गोळ्यांच्या दुकानातून 'स्टार रॉक' घेतली. दातांना चिकटते, कवळी असेल त्यांनी लांब राहा.

मग टेकडी. चढ बराच आहे, माझे गुडघे बोलायला लागले. वर स्मशानभूमी. बॅरी १९ जून १९३७ ला लंडनमध्ये गेला, पण त्याला आणलं इथेच. 'सर' झाला होता, ऑर्डर ऑफ मेरिट मिळाली होती, एडिनबरा विद्यापीठाचा कुलपती होता. दगडावर तसलं काही लिहिलेलं मला दिसलं नाही. आई-बाप-भावंडांच्या रांगेत त्याचं नाव, बस. डेव्हिडचं नावही आहे. मुक्ता म्हणाली, "आई, चल, वारा फार आहे." मी जरा वेळ उभी राहिले. आठव्या वर्षी आई वारली म्हणून घर चालवायला लागलेली ती मार्गारेट. भावाला सांभाळणारी, बापाचा डबा घेऊन जाणारी, संध्याकाळी काम आटोपलं की पोरांत खेळायला पळणारी. वेंडी दुसरी कोण असणार?

स्मशानापासून जवळच क्रिकेटचं मैदान आहे. स्कॉटलंडच्या टेकडीवर क्रिकेट! बॅरीला या खेळाचं वेड. लेखक मित्रांचा त्याचा संघ होता, 'अल्लाहकबरीज'. कुणीतरी त्याला 'अल्ला हो अकबर'चा अर्थ 'देवा, वाचव' असा सांगितला होता, त्यात आपलं नाव गुंफून घेतलं. कॉनन डॉयल त्यात खेळायचा, वुडहाउस, मिल्नही खेळले. डॉयल सोडला तर बाकीचे बहुतेक यथातथाच. बॅरी जेमतेम सव्वापाच फूट उंच आणि गोलंदाजी इतकी संथ की म्हणायचा, चेंडू मनासारखा पडला नाही तर मी धावत जाऊन परत आणू शकतो.

१९३० मध्ये त्यानं गावाला इथे पॅव्हेलियन बांधून दिलं आणि त्याच्या वर चक्क कॅमेरा ऑब्स्क्युरा बसवला. अंधारी खोली, छपरावर फिरणारा आरसा आणि भिंग, मध्ये पांढरं गोल टेबल. बाहेरचं सगळं जग त्या टेबलावर येऊन पडतं. वीज नाही, काही नाही. आम्ही आत शिरलो तेव्हा ढग आला होता. टेबलावर नुसता करडा धूर. दाखवणारे आजोबा म्हणाले, थांबा जरा. आम्ही थांबलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. अंधारात माणसं आपोआप हळू बोलायला लागतात, तसे आम्हीही.

मग ढग सरकला असावा. टेबलाच्या एका कडेनं हिरवा रंग आला आणि पसरत गेला. मैदान. त्याच्या पलीकडे डोंगर, त्यावरून सरकणाऱ्या सावल्या. आजोबांनी दांडा फिरवला तशी गावाची लाल छपरं आली, धुराडी आली, वाळत घातलेलं धुणं आलं, वाऱ्यानं फडफडणारं आणि अजिबात आवाज नसलेलं. मुक्तानं माझा पांढरा रुमाल घेऊन टेबलावर धरला. एक मुलगा मैदानावरून धावत आला, लाल जर्किन घातलेला, बोटाच्या पेराएवढा. तो रुमालावर चढला, तिनं रुमाल थोडा उचलला तसा तोही उचलला गेला, धावतच राहिला. मग घडीवरून घसरून टेबलाच्या कडेला गेला आणि दिसेनासा झाला.

"पुन्हा येईल का?" मी विचारलं.

आजोबांनी दांडा उलटा फिरवला. मैदानावर आता एक बाई कुत्रा घेऊन चालली होती.